जुने बॅकअप एकत्र आणताना ड्राइव्हचा फॉरमॅट कसा ठरवला

४ टीबीची नवी हार्ड डिस्क फॉरमॅट करण्याआधी, म्हणजे तिच्यावर फाइली कोणत्या पद्धतीने रचल्या जातील हे ठरवण्याआधी, मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: ही डिस्क पुढे कोण वाचणार आणि कुठल्या संगणकावर? इतक्या वर्षांचे जुने बॅकअप एका जागी आणायचे होते आणि पुढचेही नीट सुरू करायचे होते. एकदा डिस्क भरली की फॉरमॅट बदलायचा म्हणजे सगळं दुसरीकडे उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं. म्हणून नव्या डिस्कला हात लावण्याआधी जुन्या डिस्क तपासायला घेतल्या.

प्रत्येक जुनी डिस्क जोडून वहीत नोंद केली: फॉरमॅट कोणता, जागा किती वापरलेली, आणि बॅकअप कोणत्या पद्धतीने घेतलेला. यातली शेवटची नोंद सगळ्यांत कामाची ठरली. हाताने कॉपी केलेले साधे फोल्डर कुठल्याही फॉरमॅटवर सुखाने राहतात. विंडोजने बनवलेली अख्ख्या ड्राइव्हची इमेज म्हणजे एक अवाढव्य फाइल, तिला मोठ्या फाइली झेपणारा फॉरमॅट लागतो. आणि टाइम मशीनने (मॅकमधल्या बॅकअप घेणाऱ्या सोयीने) जपलेला इतिहास ज्या फॉरमॅटवर तयार झाला, त्याच्यापासून जवळजवळ सोडवता येत नाही. 'बॅकअप' या एकाच नावाखाली माझ्याकडे या तिन्ही जाती होत्या, आणि तिघींना एकच नियम लावून चालणार नव्हतं.

जुन्या डिस्क जोडताना एक गोष्ट फार सांभाळावी लागते. मॅकसाठी फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला जोडली की विंडोज ती ओळखत नाही आणि 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल' असं सांगतं. मॅकला लिनक्सची डिस्क जोडली की तोही 'ही डिस्क वाचता येत नाही' म्हणून 'इनिशियलाइज' करण्याचा पर्याय पुढे करतो. त्या क्षणी डिस्क अगदी धडधाकट असते. समोरच्या संगणकाला तिची भाषा येत नाही, एवढंच. तिथे 'हो' म्हटलं की सगळा बॅकअप जाईल. घरात ज्यांच्या ज्यांच्या हाती या डिस्क पडू शकतात, त्या सगळ्यांना मी हे आधी सांगून ठेवलं, आणि प्रत्येक डिस्कवर तिचा फॉरमॅट लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

मग कोण वाचणार, याचं उत्तर. मी रोज मॅक वापरते. आईबाबांकडे विंडोजचा संगणक आहे आणि आईची अट साधी होती: "फोटो मला माझ्या संगणकावर उघडता आले पाहिजेत. दर वेळी तुला फोन करायला लावू नकोस." शिवाय माझ्या जुन्या कामाची एक डिस्क लिनक्सवरची, एक्सटी४ फॉरमॅटची होती. म्हणजे तिन्ही प्रकारच्या संगणकांचा संबंध येत होता.

फॅट३२ चा विचार लगेच संपला. तो सगळीकडे चालतो, पण त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. लांब व्हिडिओ आणि ड्राइव्हच्या इमेज तिथेच अडकतात. शिवाय तो फाइल बदलल्याची वेळ २ सेकंदांच्या टप्प्याने ठेवतो, त्यामुळे तारखेवरून फाइली ताडून बघणारे प्रोग्रॅम गोंधळतात.

एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटीसोबत आला. तो मजबूत आहे, त्यात जर्नल आहे. म्हणजे फाइलींच्या रचनेत बदल करण्याआधी त्याची नोंद केली जाते आणि मधेच वीज गेली तर त्या नोंदीवरून रचना सावरता येते. घरात फक्त विंडोज असतं तर मी पुढे काही वाचलंच नसतं. लिनक्सही आता तो चांगला हाताळतो. २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्यात वाचण्या-लिहिण्याचा नवा ड्रायव्हर आहे. पण मॅक एनटीएफएस स्वतःहून फक्त वाचतो. लिहायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर घालावं लागतं. आणखी दहा वर्षांनी हा बॅकअप उघडताना ते सॉफ्टवेअर त्या वेळच्या मॅकवर चालत असेल, या भरवशावर मला संग्रह ठेवायचा नव्हता. मात्र जुनी एनटीएफएस डिस्क रिकामी करताना हीच मर्यादा सोयीची वाटली. मॅकला तिच्यावर काही लिहिताच येत नाही, त्यामुळे मूळ प्रत बिघडण्याची भीती नाही.

मॅकचे स्वतःचे फॉरमॅट दोन. जुना मॅक ओएस एक्स्टेंडेड, म्हणजे एचएफएस प्लस, १९९८ सालचा. आणि २०१७ पासून मॅकवर आलेला एपीएफएस. एपीएफएस आधुनिक आहे. त्यात स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची डिस्कची स्थिती जपणाऱ्या नोंदी, घेता येतात, एकाच कंटेनरमधल्या वेगवेगळ्या व्हॉल्यूमना (वेगळ्या ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या भागांना) मोकळी जागा वाटून वापरता येते, आणि लिहिताना जुन्या नोंदीवर थेट न गिरवता नवी नोंद वेगळ्या जागी केली जाते. पण तो घडवला गेला एसएसडी (फिरते भाग नसलेला ड्राइव्ह) डोळ्यांसमोर ठेवून. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर त्याच्या नोंदी विखुरत जातात आणि काम हळूहळू मंदावतं. विंडोज तर या दोन्हींपैकी एकही स्वतःहून वाचत नाही, म्हणजे आईची अट इथेच मोडते.

उरला एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने तो २००६ मध्ये आणला, २०१९ मध्ये त्याचा तपशील सर्वांसाठी खुला केला, आणि त्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्येच त्याला जागा मिळाली. मॅक आणि विंडोज दोन्ही तो वाचतात आणि लिहितात, वेगळं काही न घालता. ४ जीबीची अडचण नाही. पण त्याच्याबद्दल विचारलं की जाणकार लोक मान हलवतात: बॅकअपसाठी एक्सफॅट नको. कारणं खरी आहेत. त्यात जर्नल नाही. जागेचा हिशोब ठेवणारा तक्ता सहसा एकच असतो, फॅट३२ मध्ये असते तशी त्याची दुसरी प्रत नसते. लिहिणं चालू असताना केबल निघाली तर सगळ्या डिस्कची रचना बिघडू शकते. फाइलींच्या मालकीहक्काच्या नोंदी, हार्ड लिंक (एकाच फाइलीला दिलेली दुसरी नावं), सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीचा पत्ता सांगणाऱ्या खुणा) यांपैकी काहीही त्यात राहत नाही.

या आक्षेपांवर मी बराच वेळ घालवला, कारण ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. शेवटी असं लक्षात आलं की जर्नल कशापासून वाचवतं आणि कशापासून वाचवत नाही, हे वेगळं काढून बघायला हवं. जर्नल रचना सांभाळतं, फाइलीतला मजकूर नव्हे. डिस्कवर वर्षानुवर्षं पडून असलेल्या एखाद्या फोटोतले चार बिट उलटले, तर एनटीएफएस, एचएफएस प्लस, एक्सटी४ यांपैकी कोणालाही ते कळणार नाही. एपीएफएसमध्ये तपासणीचे आकडे (मजकूर बदलला का ते ओळखायला त्याच्यावरूनच काढलेले आकडे) असतात, पण ते त्याच्या स्वतःच्या नोंदींपुरते. तुमच्या फाइलींच्या मजकुराला ते लागू नाहीत. मजकुराचीही तपासणी करणारे झेडएफएस आणि बीटीआरएफएससारखे फॉरमॅट आहेत, आणि घरात कायम चालू राहणारा लिनक्सचा संगणक असेल तर मी तेच सुचवीन. पण ती डिस्क आईच्या संगणकाला जोडून उपयोग नाही.

म्हणजे जर्नलचं मोल जिथे सतत लिहिलं जातं तिथे सर्वाधिक. आणि माझ्या कामाचे इथेच दोन भाग पडले. जुने बॅकअप हा संग्रह आहे: एकदा लिहायचा, क्वचित भर घालायची, बाकी वेळ कपाटात. पुढचे बॅकअप मात्र रोज, कधी तासातासाला लिहिले जाणार. एका डिस्कवर, एका फॉरमॅटमध्ये दोन्ही बसवायचा हट्ट सोडला आणि बाकीची गणितं आपोआप सुटत गेली. संग्रहाला सगळीकडे वाचता येणारा फॉरमॅट हवा. चालू बॅकअपला तो घेणाऱ्या प्रोग्रॅमला हवा असलेला फॉरमॅट. संग्रहासाठी एक्सफॅट घेतला, पण दोन अटींवर: त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, आणि प्रत्येक फाइलीच्या तपासणीचा आकडा मी स्वतः नोंदवून ठेवणार.

एकाच डिस्कचे दोन पार्टिशन, म्हणजे वेगळे भाग, करून एकात एक्सफॅट आणि दुसऱ्यात एपीएफएस ठेवता येतो. तेही करून बघावं असं वाटलं होतं. पण डिस्क बंद पडते तेव्हा दोन्ही पार्टिशन सोबतच जातात, आणि पुढे एका भागाला जागा कमी पडली तर एक्सफॅटचं पार्टिशन सहज लहानमोठं करता येत नाही. म्हणून नको म्हटलं.

नवी डिस्क फॉरमॅट करताना मॅकच्या डिस्क युटिलिटीत आधी 'सर्व उपकरणं दाखवा' हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नाही तर फक्त व्हॉल्यूम दिसतं आणि पार्टिशनची योजना बदलता येत नाही. योजना, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवण्याची पद्धत, जीयूआयडी (जीपीटी) ठेवली. जुनी एमबीआर योजना बहुतेक डिस्कवर २ टीबीच्या पुढची जागा वापरूच देत नाही. (४ टीबीची डिस्क विंडोजवर ३.६३ टीबी दिसते. ती डिस्क खोटी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.)

एक्सफॅटची एक खोड मोठ्या डिस्कवर जाणवते. तो जागा ठोकळ्यांत वाटतो आणि विंडोजवर मोठी डिस्क फॉरमॅट केली तर ठोकळा साधारणपणे १२८ केबीचा धरला जातो. फाइल २ केबीची असली तरी ठोकळा अख्खा जातो. २ केबीच्या एक लाख फाइली म्हणजे मजकूर जेमतेम २०० एमबी, पण डिस्कवर जागा सुमारे १३ जीबी. फोटो आणि व्हिडिओंना याचा त्रास नाही. माझ्या जुन्या कामाचे फोल्डर मात्र असल्या बारीक फाइलींनीच भरलेले होते. त्यांचे प्रकल्पागणिक टार गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात हजारो फाइली एक फाइल म्हणून राहतात, आणि लिनक्सवरचे मालकीहक्क आणि सिम्बॉलिक लिंकही आत जशाच्या तशा टिकतात. ज्या गोष्टी एक्सफॅटला ठेवता येत नाहीत त्या अशा आडमार्गाने ठेवता येतात.

लिनक्सची डिस्क वाचायला पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि कॉपी तिथूनच केली. इथे नावांनी थोडं अडवलं. एक्सटी४ मध्ये मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मानली जातात, एक्सफॅटमध्ये नाहीत. एकाच फोल्डरात फक्त अक्षराच्या आकाराने वेगळी असलेली दोन नावं असतील तर एक दुसऱ्यावर जाऊन बसू शकतं. नावात वेळ लिहिताना वापरलेलं कोलन (:) आणि प्रश्नचिन्हही एक्सफॅटला चालत नाही. कॉपी करण्याआधी अशा नावांची यादी काढली आणि ती बदलून घेतली.

मराठी नावांची गोष्ट याहून बारीक आहे, आणि ती कुठे फारशी लिहिलेली सापडत नाही. 'दुसऱ्या सत्राच्या नोट्स' या नावातला ऱ्य बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना सांकेतांक देण्याच्या पद्धतीत, हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच सांकेतांकाने, किंवा र अधिक नुक्ता अशा दोन सांकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. एचएफएस प्लस नाव साठवताना जोडलेली अक्षरं सुटी करून ठेवतो. बहुतेक इतर फॉरमॅट नाव जसं दिलं तसंच ठेवतात. त्यामुळे मॅकच्या जुन्या डिस्कवरची यादी आणि लिनक्सवरची यादी शेजारी ठेवून संगणकाला तुलना करायला सांगितली, तेव्हा 'दुसऱ्या', 'दौऱ्याचे', 'साऱ्या' अशी नावं असलेल्या फाइली एकीकडे 'नाहीत' म्हणून दिसल्या. त्या होत्या. फक्त नावातले बाइट वेगळे होते. मराठीत ऱ्य किती ठिकाणी येतो हे आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा मराठी नावांचे फोल्डर असणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं. नावावरून जुळवाजुळव करायचीच नाही, मजकुराच्या आकड्यावरून करायची, हे मी इथे पक्कं केलं.

लांबीचंही तसंच. एक्सफॅट आणि एनटीएफएसमध्ये नावाला २५५ अक्षरांची मुभा असते. एक्सटी४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे सगळं वेगळं मोजून ८५ चिन्हं भरली की नाव संपलं. पूर्ण मथळा नाव म्हणून देऊन जपलेले लेख लिनक्सवर न्यायचे असतील तर नावं आधीच आखूड केलेली बरी.

आता टाइम मशीन. जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर प्रत्येक तारखेचा एक फोल्डर दिसतो आणि प्रत्येकात अख्खा संगणक असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात न बदललेल्या फाइली एकदाच ठेवलेल्या असतात आणि बाकी तारखांच्या फोल्डरांत त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या हार्ड लिंक असतात. एचएफएस प्लसवर टाइम मशीन तर अख्ख्या फोल्डरच्या हार्ड लिंक बनवतं. एक्सफॅटमध्ये हार्ड लिंक नाहीत, त्यामुळे असा बॅकअप साधेपणाने ओढून टाकला तर तीच फाइल प्रत्येक तारखेला नव्याने लिहिली जाणार आणि डिस्क बघता बघता भरणार. मॅकच्या बिग सर या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, टाइम मशीन नव्या डिस्कवर एपीएफएस वापरतं आणि तारखा स्नॅपशॉट म्हणून ठेवतं. त्या रचनेत जुना इतिहास बदलून घेण्याची सोय नाही.

म्हणून इतिहास हलवलाच नाही. सर्वांत अलीकडच्या तारखेचा फोल्डर उघडून त्यातली कागदपत्रं, फोटो आणि व्हिडिओ साध्या फाइली म्हणून संग्रहात घेतले. मग काही जुन्या तारखा उघडून, पुढे खोडलेलं पण हवं असलेलं काही आहे का ते बघितलं. हे काम संथ आहे आणि प्रोग्रॅमवर सोपवता येत नाही. आपल्याला काय हवं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. माझा मोठा भाऊ चार वर्षांपूर्वीच्या काही रेकॉर्डिंगबद्दल विचारत होता, ती अशीच एका जुन्या तारखेत मिळाली. मूळ डिस्क आहे तशी ठेवली.

मॅकवरच्या ज्या फाइलींचं टॅग, चिन्हं वगैरे जपायचं होतं, त्यांच्यासाठी एक्सफॅटवरच एक स्पार्स बंडल इमेज बनवली. बाहेरून ती छोट्या तुकड्यांचा एक फोल्डर असते, आत मात्र मॅकचाच फॉरमॅट असतो. विंडोजवर ती उघडत नाही, आणि तिथे तिची कुणाला गरजही नाही. बाकी फाइली मॅकवरून एक्सफॅटवर टाकल्या की डॉट-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जोड-फाइली तयार होतात. मॅकची जी जास्तीची माहिती एक्सफॅटला ठेवता येत नाही ती त्यांत जाते. कॉपी संपल्यावर त्या वेगळ्या काढून टाकल्या, नाहीतर आकडे घेताना यादी विनाकारण फुगते.

कॉपीला आरसिंक हे फाइली कॉपी करणारं सॉफ्टवेअर वापरलं, कारण मधे थांबलं तर ते पुढून सुरू करता येतं. पण कॉपी झाली म्हणजे काम झालं असं मी धरलं नाही. जुन्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ या पद्धतीने तपासणीचा आकडा काढला, डिस्क काढून पुन्हा जोडली, आणि नव्या प्रतीचे आकडे काढून दोन्ही याद्या ताडल्या. काढून जोडण्याचं कारण असं की नाहीतर संगणक नुकतीच लिहिलेली फाइल डिस्कवरून न वाचता स्वतःच्या मेमरीतून देऊ शकतो, आणि मग तपासणी कसली झाली? या आकड्यांनी दुसरंही काम केलं. तीच फाइल वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या डिस्कवर किती वेळा आहे ते त्यांनी दाखवून दिलं. जास्तीच्या प्रती मी सगळं उतरल्यावर आणि दुसरी प्रत झाल्यावरच काढल्या. आधी निवडायला बसलं तर काय ठेवलं, काय गेलं याचा हिशोब राहत नाही.

आकड्यांची यादी दोन्ही डिस्कच्या अगदी वरच्या फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. तिच्या शेजारी आणखी एक मजकूर फाइल: डिस्कवर काय आहे, गठ्ठे कशाने उघडायचे, आकडे कसे ताडायचे. ही फाइल मी मराठीत लिहिली, कारण ती वाचण्याची वेळ येईल तेव्हा मी शेजारी असेनच असं नाही.

चालू बॅकअपसाठी मॅकला वेगळी एसएसडी दिली. आतल्या साठ्याच्या दुप्पट तरी जागा असावी असं ॲपलच सांगतं, त्या मापाने घेतली. टाइम मशीनने ती स्वतःच एपीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि मी एन्क्रिप्शनचा पर्याय तेव्हाच निवडला. आईबाबांच्या विंडोजला एनटीएफएसची डिस्क, कारण तिथे अख्ख्या ड्राइव्हची इमेज घेणाऱ्या जुन्या सोयीला तोच फॉरमॅट लागतो. संग्रहाच्या डिस्क या दोन्हींपासून अलग. त्या फक्त भर घालायला आणि तपासायला जोडायच्या, आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही. संग्रहाची एक डिस्क माझ्याकडे आहे, दुसरी आईबाबांकडे. वर्षाकाठी त्यांची अदलाबदल करायची आणि येईल त्या डिस्कवरचे सगळे आकडे पुन्हा ताडायचे, असं ठरवलं आहे. एखादा आकडा जुळला नाही तर ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून आणता येईल.

जुन्या डिस्कपैकी फॅट३२ आणि एनटीएफएसच्या डिस्क पहिल्या अदलाबदलीनंतर पुसून वापरात घेणार आहे. टाइम मशीनची जुनी डिस्क ठेवणार, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत आता 'विंडोजला जोडल्यास फॉरमॅट करू नये' एवढी ओळ वाढवली आहे.